अपंग खेळाडूंवरचे सिनेमे: पदक दिसतं, खेळ कुठे दिसतो?

गवाक्ष (धागाकर्ता)

काल 'चंदू चॅम्पियन' दुसऱ्यांदा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात, पाय अधू झाले. पुढे पोहायला लागले आणि १९७२ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. दुसरं यायला ३२ वर्षं गेली (अथेन्स २००४, देवेंद्र झाझरिया, भालाफेक).

शेवटी मी रडलो, पहिल्या वेळी रडलो तिथेच. पण घरी येऊन विचार करत बसलो, की मला या सिनेमातून पोहण्याबद्दल काय कळलं? फ्रीस्टाइलमध्ये पाय नुसता वेग देत नाहीत, ते अंग आडवं ठेवतात. पाय मारता आले नाहीत तर कंबर खाली जाते, माणूस पाण्यात तिरका होतो आणि जितका तिरका तितकं पाणी त्याला मागे ओढतं. सगळा भार खांद्यांवर. आणि हा माणूस मुळात बॉक्सर! म्हणजे ठोसे मारायला कमावलेले खांदे त्यानं पाणी ओढायला नव्याने शिकवले असतील. मला यावर सिनेमा हवा होता. पेटकरांच्या भूमिकेत कार्तिक आर्यनने मेहनत घेतली आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या हाती लागलं ते 'जिद्द असेल तर सगळं जमतं' एवढंच, आणि ते तर मी ट्रकच्या मागेही वाचतो.

माझं म्हणणं: असे सिनेमे खेळाडूला खेळाडू मानतच नाहीत. तो आपल्याला बरं वाटावं म्हणून पडद्यावर आणलेला असतो. पटत नसेल तर भांडा.

बारावा गडी

भांडतोच. मी सांगलीचा. जून २०२४च्या आधी मला पेटकरांचं नाव माहीत नव्हतं. शाळेत खाशाबा जाधव शिकवले, पेटकर नाही. सिनेमा आला, पोरंटोरं विचारायला लागली, आणि जानेवारी २०२५मध्ये त्यांना अर्जुन (जीवनगौरव) मिळाला. ५२ वर्षं पडलेलं काम सहा महिन्यांत झालं. आता तुम्ही म्हणणार पाण्यातला कोन नीट दाखवला नाही. अहो, आधी माणूस तरी दिसू दे लोकांना!

आणि रडलात ना? मग तिकिटाचे पैसे वसूल.

गवाक्ष

पद्मश्री २०१८ची आहे, सिनेमाच्या सहा वर्षं आधीची. तेव्हा अर्जुनचं सगळं श्रेय पडद्याला देऊ नका. आणि दिलंत तरी त्याचा अर्थ एवढाच निघतो, की नायकाने आपली भूमिका करेपर्यंत खेळाडूने थांबायचं. याला सिनेमाचं यश म्हणायचं का, मला शंका आहे.

तिरकस

अपंग खेळाडूवरच्या सिनेमाची सगळ्यात गाजलेली बातमी कुठली होती आठवतंय? नायकाने अंगातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणली, ही. फोटोसकट.

मध्यंतर

तिरकस, टाळी मिळेल तुम्हाला, पण मुद्दा चुकतोय. पेटकर जखमी होण्याआधी बॉक्सर होते, सिनेमाचा मोठा भाग त्या काळातला आहे. तिथे शरीर दाखवायचंच आहे. हाच प्रश्न नेहमी येतो, की भूमिका अपंग नटाला का नाही? इथे पहिल्या भागात काय करणार होता? श्रेयस तळपदे ऐकू-बोलू शकतो, त्याने २००५मध्ये 'इकबाल' केला, मूकबधिर गोलंदाज. आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतला.

मी या धंद्याच्या कडेकडेने काम करतो (संकलन), म्हणून सांगतो. गवाक्ष म्हणतात तसा सिनेमा मागायला सोपा आहे. निर्माता पहिला प्रश्न विचारतो, 'चेहरा कोण?' चेहरा नाही तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर पेटकर पुन्हा फायलीत. तुम्हाला हवा आहे तो माहितीपट. तोही आहे: व्हीलचेअर रग्बीवरचा 'मर्डरबॉल', २००५चा, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. इथे किती जणांनी पाहिलाय? हात वर करा.

निळी टोपी

हात वर. आणि 'चेहरा' नसताना मला तो कुठल्याही गाण्यापेक्षा थरारक वाटला.

मी चार-पाच वर्षं अंध जलतरणपटूंसाठी टॅपर म्हणून उभी राहिले आहे. टॅपर म्हणजे काठावर लांब काठी घेऊन उभा राहणारा माणूस. काठीच्या टोकाला मऊ गोळा असतो. पोहणारा भिंतीजवळ आला की डोक्याला किंवा पाठीला टप्पदिशी लावायचा, की त्याला कळतं, भिंत आली, वळ किंवा हात लांब कर. एस-११ या (सगळ्यात कमी दिसणाऱ्यांच्या) गटात सगळ्यांनाच काळा गॉगल असतो, कुणाला पुसटसा उजेड दिसत असेल तर तोही दिसू नये म्हणून. आता ऐका. अर्धा हात लवकर टप केलं तर पोहणारा भिंत नसताना वळायला जातो, शर्यत गेली. उशीर झाला तर बोटं नाही तर डोकं भिंतीवर. म्हणून सरावात मी आणि माझी एक पोहणारी मुलगी, आम्ही दोघी हातांचे फटकारे मोजायचो. ती पोहताना, मी काठावर तोंडातल्या तोंडात. एकदा माझा टप चुकला. बाहेर आली तेव्हा कपाळाला टेंगूळ होतं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'ताई, तुम्ही फटकारे मोजत नव्हता, माझ्याकडे बघत होता.' खरं होतं ते.

यात कुठे आहे 'जिद्द असेल तर'? यात रागही आहे, विश्वासही. संवादलेखकाला आणखी काय हवं असतं?

बारावा गडी

हे भारी आहे. पण ताई, हे अडीच तास चालेल? मोठ्या पडद्यावर?

निळी टोपी

अडीच तासांचं बोलताय? पॅरिस २०२४ची मॅरेथॉन घ्या. स्पेनची एलेना कोंगोस्त, दृष्टी अधू, सोबत वाटाड्या धावपटू, दोघांच्या हातांत एकच दोरी. तिसरी येत होती. रेषेच्या काही मीटर अलीकडे वाटाड्याच्या पायात गोळा आला, तो कोसळायला लागला. तिने त्याला सावरायला क्षणभर दोरी सोडली. पुन्हा धरली, रेषा ओलांडली, मागची धावपटू तीन मिनिटांहून जास्त मागे होती. तरी बाद. नियम म्हणजे नियम, दोरी सुटता कामा नये. कांस्य जपानच्या धावपटूला गेलं.

किंवा टोकियोतले आपले विनोद कुमार. थाळीफेकीत कांस्य जिंकलं, जल्लोष झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं अपंगत्व एफ-५२ या गटात बसत नाही म्हणून पदक गेलं. एखाद्याला 'तू पुरेसा अपंग नाहीस' असं सांगितलं जाणं म्हणजे काय, यावर मी तर पाच तास बघेन. पण त्यात शेवटी तिरंगा वर जात नाही ना.

मध्यंतर

कोंगोस्तचं माहीत नव्हतं. हे मात्र मी कुणाला तरी ऐकवणार आहे. (धंद्याची सवय.)

प्राजक्त

शीर्षकात 'दिव्यांग' लिहायला हवं होतं, असं सुचवते.

चाकं

प्राजक्त, मी व्हीलचेअरवर आहे, मला अपंग चालतं. दिव्य काही आढळलेलं नाही. इथल्या दुसऱ्या कुणाला दिव्यांग आवडत असेल तर त्याला तसं म्हणा, विचारून.

मूळ मुद्द्यावर मी मध्यंतर यांच्या बाजूने थोडा आणि विरोधात बराच आहे. चेहरा लागतो हे मान्य. पण २०२५च्या 'सितारे ज़मीन पर'मध्ये बास्केटबॉलच्या संघात दहा जण खरोखरच बौद्धिक किंवा विकासात्मक वेगळेपण असलेले होते आणि लोक गेले की बघायला. अर्थात पोस्टरवर सगळ्यात मोठा आमिरच, आणि सुधारतो तो प्रशिक्षक. म्हणजे संघ त्याला सुधारायला. तरीही, जमतं एवढं दिसलं. पेटकर जखमी होण्याआधीच्या भागाचं म्हणाल तर, तरुण नटाला रबर चिकटवून म्हातारा करता, तेव्हा 'कसं जमणार' असं कुणी विचारत नाही.

मला जास्त बोचलं ते वेगळंच. 'चंदू चॅम्पियन' मी थिएटरात पाहायला गेलो. रॅम्प होता. रॅम्पच्या तोंडाशी पॉपकॉर्नच्या जाहिरातीचा भला मोठा पुठ्ठ्याचा डबा उभा. तो हलवायला माणूस शोधण्यात सात-आठ मिनिटं. आत मला बसवलं पहिल्या रांगेच्या पुढे, बाजूला, कारण व्हीलचेअरची जागा तीच. बायकोला माझ्या शेजारी बसता येईना, ती वर 'जी' (G) रांगेत. मी पूर्ण वेळ मान मागे टाकून. पडद्यावर नायक चाकाच्या खुर्चीतून उतरून पाण्यात जातोय, मागे लोक शिट्ट्या मारतायत, आणि मला त्याची फक्त हनुवटी दिसतेय.

बारावा गडी

थिएटर कुठलं? तक्रार करू. मी येतो सोबत.

चाकं

नाव नको. मॅनेजर भला होता, दोनदा सॉरी म्हणाला, पाणी पाठवलं. मध्यंतरात मला भेटून म्हणाला, 'सर, तुम्ही आलात हेच खूप इन्स्पायरिंग आहे.'

गवाक्ष

अरे देवा.

बारावा गडी

बरं, तक्रार नको. पण मग शेवट नीट दिसलाच नाही तुम्हाला?

चाकं

नंतर घरी लॅपटॉपवर पाहिला, बायकोच्या शेजारी बसून. गवाक्ष म्हणतात ते पोहण्याचं खरं आहे. पण मीही तिथेच रडलो, बारावा गडी, तो गुण तुमच्या बाजूला धरा. निळी टोपी, तुम्ही त्या मुलीचे किती फटकारे मोजायचा एका फेरीत?

निळी टोपी

पंचवीस मीटरला एकवीस. दमली की तेवीस. विसाव्याला मी काठी पुढे घ्यायचे.