लिटल मॉर्टन हॉलचा काळा रंग उतरवावा का?

लाकूडवेडा
इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातलं हे खंदकाने वेढलेलं घर 16व्या शतकाच्या सुरुवातीला मॉर्टन घराण्याने बांधायला घेतलं. तेव्हा ओकच्या लाकडाची चौकट उघडीच होती, ऊनपावसात रुपेरी होणारी, आणि मधल्या कुडाच्या भिंतींना पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, असायची. काळं-पांढरं रूप व्हिक्टोरियन काळातलं, डांबराने आणलेलं. ते उतरवून मूळ रूप परत आणावं, असं माझं ठाम मत.

चुनकळी
उतरवणार कशाने? वाळूचा मारा केलात तर ओकचा मऊ भाग आधी झडतो, कडक शिरा वर राहतात, हत्यारांच्या खुणा पुसल्या जातात. रिचर्ड डेल या सुताराने 1559 मध्ये अंगणाकडच्या खिडक्यांवर आपलं नाव कोरलंय. तसल्या कोरीव रेघांजवळ ब्लास्टिंगची नळी न्यायची? गरम हवेने सोलायचं तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, शिवाय आगीची भीती. आणि दीडशे वर्षांचा थर हाही इतिहासच आहे. इमारत ग्रेड एकची, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सर्वांत वरच्या श्रेणीतली. परवानगीशिवाय असं काम हा तिथे गुन्हा ठरतो.

लाकूडवेडा
ब्लास्टिंग नकोच. पण थर तडकला की पाणी भेगेतून आत जातं आणि वाळत नाही. आधी कुजतं कुसू, म्हणजे सांध्यात बसणारं लाकडाचं टोक, कारण ते ज्या खाचेत बसतं तिथे पाणी साचतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांपुढे टिकला की बुरशी आलीच.

तुळई
दोघेही रंगावर अडलात. या घराला खरा त्रास वजनाचा. वरची लांब गॅलरी, म्हणजे 68 फूट बाय 12 चं लांबट दालन, मागाहून चढवली आणि तिच्यावर दगडी फरश्यांचं छप्पर. त्या भाराने खालचे मजले वाकले. 1977 मध्ये फरश्या सैल झाल्याचं दिसलं, मग सहा टप्प्यांत दुरुस्ती झाली. त्यात बदललेलं लाकूड रंगवलं नाही, तसंच ठेवलं. मला हेच पटतं: जुनं सोलू नका, नवं रंगवू नका. कुडाच्या लिंपणात मात्र सिमेंट शिरू देऊ नका. ओक आकसतो-फुगतो, ताठ सिमेंट त्याच्यासोबत हलत नाही, कडेला फट पडते आणि पाणी थेट चौकटीत उतरतं. चुन्याचाच गिलावा हवा. वर सफेदीचे दुधासारखे पातळ चार-पाच हात, दर वेळी भिंत ओली करून. एकच दाट हात दिला की पापुद्रे सुटतात.

चुनकळी
हे मान्य. पण मग काळ्या चौकटीत रुपेरी ठिगळं दिसणार.

लाकूडवेडा
दिसू द्या! कुठलं लाकूड कधीचं ते लांबूनच कळेल. काळ्यावर नवा हात देणं तेवढं थांबवा.

चुनकळी
तेही आधी मागच्या भिंतीवर, हातभर पट्ट्यात. दोन हिवाळे ओलावा मोजा, मग बोलू.