दारू सोडलेल्या माणसासाठी अख्खी पार्टी कोरडी ठेवावी का?

तिरकस_रेघ: धाकट्या मेव्हण्याचा चाळिसावा वाढदिवस आमच्या घरी करतोय. तो काही महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून आला. माझं ठरलंय, घरात थेंबही नको. त्याच्या मित्रांचं म्हणणं, आतल्या खोलीत दोन बाटल्या ठेवल्या तर काय बिघडतं? माझ्या मते ज्याचा वाढदिवस त्यालाच बंद दाराकडे बघत बसायला लावणं हा चावटपणा आहे. तुमचं मत?

गच्चीवरचा: असहमत. जग काही कोरडं होणार नाही. उद्या ऑफिसची पार्टी, परवा कुणाचं लग्न. किती ठिकाणी बाटल्या लपवणार? शिवाय वीस जणांनी एकासाठी का सोसायचं?

मीठभाकर: संध्याकाळभर न पिणं याला "सोसणं" म्हणत असाल तर आधी वेगळा धागा काढा. आणि उद्याचं जग उद्या. सुरुवातीच्या महिन्यांत नुसता वास, ग्लासांचा आवाज, पूर्वीची तीच मंडळी, एवढ्यानेही तलफ उसळते. प्लास्टर काढल्या दिवशी कोणी शर्यतीत पळवत नाही.

गच्चीवरचा: टोमणा पोचला. पण मुद्दा तोच. सगळे त्याच्यामुळे सरबत पीत बसलेत हे त्याला कळणारच. दारूपेक्षा ती दया जास्त झोंबेल.

सोबर_माणूस: मी एएमध्ये (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) जातो, म्हणून बोलतो. दया झोंबते हे खरं. पण आतल्या खोलीतून एकेक जण तोंड पुसत बाहेर येतो, ते त्याहून वाईट. पार्टी कोरडी ठेवाच, फक्त त्याच्या नावाने ठेवू नका. केक कापताना "याच्यासाठी आज आपण सगळे..." असलं भाषण कोणी करू नये. माझ्या वेळी झालं होतं, टाळ्यांसकट.

नंदादीप७: मग पाहुण्यांना सांगायचंच नाही? कोणीतरी भेट म्हणून बाटलीच घेऊन येईल आणि सगळ्यांसमोर त्याच्याच हातात देईल!

सोबर_माणूस: निमंत्रणातच लिहा, "पार्टीत दारू नसेल, कृपया आणूही नये." कारण देऊ नका. कोणी विचारलंच तर "आम्ही असंच ठरवलंय" पुरे.

मीठभाकर: आणि झीरो बिअरचा शहाणपणा नको. बऱ्याच देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली बिअरही "नॉन-अल्कोहोलिक" म्हणून विकतात. पण आकडा सोडा, फेस तोच, वास तोच. त्याला दारू सोडण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर सॉसमधली, केकमधली दारूसुद्धा तपासा. थोडी पोटात गेली तरी चेहरा लाल, धडधड, उलट्या. गोळी बंद केल्यावरही साधारण १४ दिवसांपर्यंत हे होऊ शकतं.

गच्चीवरचा: केकचं माहीत नव्हतं, मान्य. पण हे सगळं ठरवताना त्या माणसाला कोणी विचारलंय का? चाळीस वर्षांचा आहे तो, चार नाही.

सोबर_माणूस: याला माझा पूर्ण पाठिंबा. १९३५ मध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून एए सुरू केली, त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. तेव्हा आपण इथे तज्ज्ञ बनण्यापेक्षा त्याला विचारा. पार्टी हवी की नको, कोणाला बोलवायचं, लवकर उठून जावंसं वाटलं तर सोडायला कोण येईल. हे शेवटचं फार कामाचं. निघायची सोय असली की माणूस निवांत बसतो.

तिरकस_रेघ: विचारलं. म्हणाला, "दारू ठेवा, मला फरक पडत नाही."

सोबर_माणूस: मीही असंच म्हणायचो. यजमान तुम्ही आहात, त्याच्यावर ढकलू नका. "आम्हालाच नकोय" म्हणा आणि बाकीचं त्याला ठरवू द्या.

गच्चीवरचा: म्हणजे विचारायचं, आणि उत्तर आवडलं नाही तर ऐकायचं नाही! वा. मी माझ्या मतावर ठाम आहे. बोलावलंत तर सरबत पिईन, पण कुरकुर करत.