शनिवारचं कोडं फळ्यावर लिहून होण्याआधीच फुटतं, काय करू?

दोनशिक्षकी:

नमस्कार. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सिन्नर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, दोनशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. पट 23. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठ उरकला की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी एक कोडं लिहिते. मुलं पाट्या काढून बसतात. जूनपासून हे चाललंय आणि मला त्याची हौस आहे, हे आधीच कबूल करते.

गेल्या शनिवारी लिहिलं: वाड्यात कोंबड्या आणि शेळ्या मिळून डोकी 20, पाय 56. ‘शेळ्या किती?’ एवढं लिहायचं बाकी होतं, तोच पहिल्या पट्टीवरून आरोळी आली, “आठ!” म्हणजे मी काय विचारणार तेही त्यानं ताडलं होतं. उत्तर बरोबर. पाचवीतला पोरगा आहे, शिष्यवृत्तीचा सराव करतो, मोठी बहीण घरी घेते त्याचा अभ्यास. त्याला कशाबद्दल रागवू? पण ‘आठ’ ऐकल्याबरोबर बाकी बावीस पेन्सिली खाली ठेवल्या गेल्या. पाटीवर पेन्सिल ठेवल्याचा आवाज असतो ना, तो एकदमच ऐकू आला.

आणि खरं दुखलं ते पुढेच. तिसऱ्या पट्टीवर एक चौथीतली मुलगी बसते. फार बोलत नाही. तिनं पाटीवर वीस गोल काढले होते, प्रत्येकाला खाली दोन-दोन काड्या. मग पहिल्या गोलापासून आणखी दोन-दोन काड्या जोडत चालली होती, मनात मोजत. तीन शेळ्या झाल्या होत्या तिच्या. ‘आठ’ ऐकलं आणि बाहीनं सगळी पाटी पुसून टाकली. मी म्हटलं, अगं दाखव की. तर म्हणाली, “आलं की मॅडम उत्तर.”

करून पाहिलेले उपाय: ओरडायचं नाही असा नियम केला, तर तो शेजाऱ्याला पाटी दाखवतो. चिठ्ठ्या खोक्यात टाकायला लावल्या, तर एकाच हस्ताक्षरातल्या वाटाव्यात अशा सात चिठ्ठ्या निघाल्या. कोडं अवघड केलं, तर तो एकटाच उरतो आणि बाकीचे खिडकीतून खिचडीचं पातेलं कधी उतरतंय ते बघतात.

कुणी वर्गात कोडी घेत असेल तर सांगा, सगळ्यांची पेन्सिल चालू राहील असं काय देता?

कोडबाज:

मॅडम, मी शिक्षक नाही, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण शिष्यवृत्ती मिळवलेला आहे म्हणून बोलतो. राग मानू नका. परीक्षेचा पेपर 75 प्रश्नांचा, वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला 72 सेकंद पडतात. त्यात गोल काढून काड्या कोण जोडत बसणार? तो मुलगा जे करतोय तेच परीक्षेला लागतं: सगळ्या कोंबड्या धरा, 40 पाय, उरले 16, भागिले 2, आठ. त्याला वेगळा कागद द्या आणि पुढे जाऊ द्या. वेगाला दाबू नका, एवढंच म्हणणं.

दोनशिक्षकी:

दाबत नाहीये हो. पण तुमच्या ‘सगळ्या कोंबड्या धरा’ची आणि तिच्या गोलांची रीत एकच आहे, पाहिलंत का? तिनंही आधी सगळ्या कोंबड्याच काढल्या होत्या. मग दोन-दोन काड्या जोडत होती. तुम्ही 16 ला 2 नं भागलंत, ती तेच हातानं करत होती. आणखी पाच गोल पुढे गेली असती तर भागाकार तिचा तिलाच दिसला असता.

देवळाली_कॅम्प:

बाई, मी निवृत्त मास्तर. छत्तीस वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. पहिली पट्टी आणि तिसरी पट्टी दोन्ही ओळखीच्या आहेत.

आधी शेळ्यांचं बघू. उत्तर फुटलं म्हणजे कोडं संपलं असं तुम्हीच धरून चालला आहात. पुढच्या वेळी तो ‘आठ’ म्हणाला की शांतपणे 56 पुसा, 55 लिहा आणि विचारा, आता? त्याची रीत चालेल, साडेसात शेळ्या निघतील, वर्ग हसेल. मग विचारा, 20 डोक्यांना पाय कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, मधले कोणते आकडे येऊच शकत नाहीत. 40 पासून 80 पर्यंतच्या सगळ्या सम संख्या येतात, विषम एकही नाही. इथे गोल काढणारी मुलगी पुढे जाते, कारण तिला एका शेळीनं दोन पाय वाढताना दिसलेले असतात.

पण तुम्हाला सगळ्यांची पेन्सिल चालायला हवी आहे, तर आमच्या गावचंच औषध घ्या. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, 1905 चा, पण मास्तरकी केली देवळालीत, 1930 ते 1962. विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, शाळामास्तरच. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत मांडायचे, मग उलटे मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतं आणि तिथेच अडकतं: 7641 वजा 1467 परत 6174. त्यांनी हे 1949 साली मांडलं. (डोंबिवलीकरांनी लक्ष द्यावं: ‘डेम्लो संख्या’ नावाचा आणखी एक प्रकार त्यांचा, तो डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून.)

प्रत्येकानं आपलं जन्मसाल घ्यायचं. ओरडायला उत्तरच नाही, कारण शेवट सगळ्यांचा तोच आहे. विचारायचं ते हे की तुझ्या किती वजाबाक्या झाल्या.

दोन सूचना. पुढचं शून्य टाकायचं नाही, 0468 असंच लिहायचं, चार घरं भरलेली हवीत. दुसरी महत्त्वाची: हिच्यात एक खोड आहे. मधे वजाबाकी चुकली तरी 6174 येतंच, कारण चुकीची संख्याही शेवटी चार अंकीच ना, तिलाही तिकडेच जायचंय. तेव्हा शेवट बरोबर आला म्हणून पाटीवर बरोबरची खूण करू नका. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करायला लावा, ती 9 च्या पटीत यायलाच हवी.

खान्देशी:

माझं माहेर चाळीसगाव, त्यामुळे मी भास्कराचार्यांशिवाय दुसरं काय सांगणार! पाटणादेवीच्या परिसरात त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, कोरून घेतलेला शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला होता. लहानपणी सहलीला गेलो की आम्ही डबा आधी खायचो आणि लेख मग बघायचो, ते सोडा.

लीलावतीतलं (साल 1150) भुंग्यांचं कोडं घ्या. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्शांत जो फरक त्याच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालती या दोघींच्या वासात अडकून मधेच घिरट्या घालतोय. थवा केवढा?

क्ष धरायचा नाही. मी माझ्या भाच्यांना चिंचोके देते, मूठभर. पाचवा हिस्सा निघायला हवा आणि तिसराही, म्हणून 8 घेऊन जमत नाही, 10 घेऊन जमत नाही. हे त्यांना हातानं वाटण्या करतानाच कळतं. 15 घेतले की 3, 5, 6 आणि उरला 1. आता ताई, इथे थांबू नका. म्हणा, घिरट्या घालणारे 4 आहेत, थवा केवढा? मोठी भाची पुन्हा पहिल्यापासून वाटत बसली. धाकटी म्हणाली, चार थवे एकत्र केले असतील, 60. ती दुसरीत आहे!

दोनशिक्षकी:

दोन शनिवार होऊन गेले, म्हणून लिहायला आले. चिंचोके गोळा करणं चालू आहे, भुंगे पुढच्या आठवड्यात. आधी 6174 केलं.

मास्तर, तुम्ही सांगितलं होतं तरी माझा विश्वास नव्हता, आदल्या रात्री स्वतःचं करून पाहिलं. 1986. सहा वजाबाक्या. मग वर्गात घेतलं. पाचवीची मुलं बहुतेक 2015 ची, दोघं-तिघं 2014 ची, चौथीची 2016 ची, तिसरीची 2017 ची. आणि मजा बघा, 2014, 2015, 2016 या तिन्ही सालांना सात-सात वजाबाक्या लागतात, म्हणजे सगळ्यात लांबचा रस्ता. 2017 ला फक्त तीन: 7083, 8352, 6174. तिसरीची पोरं सुटली, नाहीतर हातच्याच्या वजाबाकीला ती अजून कच्ची आहेत. एरवी याच वर्गाला अशा सात वजाबाक्या दिल्या असत्या तर तिसरीला पाणी प्यायला जायचं असतं सगळ्यांना.

पहिल्या पट्टीवरचा आमचा वीर 2014 चा. सगळ्यांच्या आधी पाटी वर: “पाच! मला पाचच लागल्या!” त्याच्या शेजारचाही 2014 चाच, त्याच्या सात झाल्या. दोघांचं साल एक आणि मोजणी वेगळी. मी काहीही बोलले नाही (मास्तर, हे मला फार जड गेलं). दोघांनी पाट्या शेजारी ठेवल्या. पहिली ओळ दोघांची 4086. दुसऱ्या ओळीत याचे 8182, त्याचे 8172. अंकांची बेरीज केली, 19 आणि 18. आमच्या वीरानं 8640 मधून 0468 घालवताना एककाला दशक उसना दिला आणि दशकाच्या घरातला 4 तसाच 4 ठेवला. एवढ्या एका चुकीनं तो दोन पायऱ्या आधी पोचला होता. चूक सापडल्यावर तो हसला की चिडला ते मला नीट कळलं नाही, पण पाटी स्वतः पुसली आणि सातही वजाबाक्या पुन्हा केल्या. पाच महिन्यांत त्याला काहीही दुसऱ्यांदा करताना मी पाहिलं नव्हतं.

आता तिसऱ्या पट्टीची गोष्ट. ती मुलगी 2016 ची. पहिली ओळ तिची 6084. तिनं मान वर करून फळ्याकडे पाहिलं, तिथे 2014 च्या मुलांच्या 4086 ची पाटी मी उतरवून ठेवली होती. बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, झालं, परत तेच. जवळ गेले तर हळूच म्हणाली, “मॅडम, आता मी नाही करणार.”

“का गं?”

“यात पण 0, 4, 6, 8 च आहेत. मांडले की 8640 च होणार. पुढचं सगळं त्यांच्यासारखंच येणार.”

मी म्हटलं, मग किती होतील? “सात,” ती म्हणाली, आणि तिनं सहा वजाबाक्या न करता पाटीवर सात लिहिलं. मग पहिल्या पट्टीवरचा वळून म्हणाला, “हे कसं काय?” आणि तिला त्याला समजावून सांगावं लागलं. तिचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

खिचडी वाढायची वेळ झाली तेव्हा ती परत आली. म्हणाली, अंक तेच असतील तर 2016, 1602, 6120 सगळ्यांचं एकच उत्तर. मग सगळ्या संख्या करायची गरज नाही, अंक वेगळे असतील तेवढ्याच करायच्या. त्या किती होतील?

मला आलं नाही. सांगितलं तिला, मला येत नाही, सोमवारपर्यंत बघू. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तिचा प्रश्न लिहून ठेवलाय. शनिवारच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच माझा नसलेला प्रश्न आहे. 0 ते 9 पैकी चार अंक, तोच अंक पुन्हा आला तर चालेल, क्रमाला महत्त्व नाही, चारही सारखे नकोत. मुलांना जमेल अशी मोजायची वाट कुणी सुचवाल का? उत्तर नको.

देवळाली_कॅम्प:

दहा अंकांनी सुरू करू नका. फक्त 0 आणि 1 हे दोनच अंक असतील तर किती? मग 0, 1, 2. हे पाटीवर मावतं. पहिल्याला 3 येतील, दुसऱ्याला 12. तिसरा आकडा मुलांनाच काढू द्या आणि तुम्हीही त्यांच्यासोबत काढा.

कोडबाज:

705! दोन मिनिटांत कोड लिहून काढलं. शून्यानं सुरू होणाऱ्या धरून चार अंकी 9990 संख्या होतात, त्यांचे फक्त 705 गट.

देवळाली_कॅम्प:

अहो, तुमची पट्टी कितवी होती शाळेत?

कोडबाज:

पहिली. 😄 सॉरी मॅडम.

दोनशिक्षकी:

असू द्या. वर्गात हे पान मी उघडणार नाही. पण तुम्ही आता 55 पायांचं करा.