मदत हवी आहे: चिरंजीवांनी गेमचा खासगी सर्व्हर काढलाय आणि पैसे माझ्या खात्यात येताहेत

नमस्कार मंडळी. धागा कायद्यात काढावा, तंत्रज्ञानात की पालकत्वात, कळेना. चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी मिरजेचा, एका सहकारी बँकेत नोकरीला. मुलगा अकरावी सायन्सला, वय १६. माझं एक जुनं बचत खातं क्लासच्या फीसाठी त्याच्या फोनला जोडून दिलेलं आहे. रविवारी सहज त्याचा उतारा पाहिला, तर १४९, ९९, २९९ अशा बारक्या बारक्या यूपीआय जमा. सगळी अनोळखी नावं. एकाच्या शेऱ्यात लिहिलेलं: 'घोड्याबद्दल थँक्स भाई'. आमच्या सात पिढ्यांत कुणी घोडा पाळलेला नाही. तीन महिन्यांत ४१ जमा, एकूण ६,८५० रुपये.

रात्री जेवताना विचारलं. पोरगं लपवाछपवी करणारं नाही, सगळं सांगितलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २००४ चा ऑनलाइन गेम, आणि 'रॅथ ऑफ द लिच किंग' ही त्याची २००८ ची पुढची आवृत्ती. ब्लिझार्ड कंपनीच्या सर्व्हरवर खेळायचं तर दरमहा पैसे. याने महिना ११०० रुपये भाड्याने एक व्हीपीएस (म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा संगणक) घेतलाय, त्यावर इंटरनेटवर फुकट मिळणारा एम्युलेटर (कंपनीच्या सर्व्हरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चढवलाय, आणि लोक कंपनीऐवजी याच्याकडे येऊन खेळतात. कसे येतात तेही दाखवलं. गेमच्या फोल्डरमध्ये रिअल्मलिस्ट नावाची एक फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते, आत एकच ओळ. कंपनीचा पत्ता खोडून तिथे याचा पत्ता घातला की झालं. संध्याकाळी साठ-सत्तर जण असतात. सोलापूर, नागपूर, दोघं तर काठमांडूचे. देणगी दिली की उडणारा घोडा मिळतो.

त्याचं म्हणणं असं की कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला खुला आहे, ही जुनी आवृत्ती कंपनी आता चालवत नाही, आणि पैसे फक्त भाड्यापुरते. तीन महिन्यांचं भाडं ३,३०० आणि जमा ६,८५०. ही वजाबाकी माझ्याकडून सवयीने झाली. त्यावर म्हणाला, '१,२०० चा माऊस घेतला, बाकीचे खात्यातच आहेत.'

आता प्रश्न. हा गुन्हा आहे का? खातं माझं, म्हणजे उद्या काही झालं तर मान कुणाची अडकणार? आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी हे बरोबर आहे का? नुसतं 'बंद कर' म्हणायला जीभ रेटत नाही. ज्या मुलाला अंथरुणाची घडी घाल म्हणून तीनदा सांगावं लागतं, तो रोज रात्री अकराला न चुकता डेटाबेसचा बॅकअप घेतो.

लॅगवाला:
काका, शून्य टेन्शन. असे शेकडो सर्व्हर वर्षानुवर्षं चालू आहेत. ब्लिझार्डवाले काही मिरज जंक्शनला उतरणार नाहीत.

जुना_रेडर:
लॅगवाल्या, उतरत नाहीत, पत्र पाठवतात. मी स्वतः नोस्टालरियसवर खेळलोय म्हणून लिहितो. फ्रान्समधल्या हौशी मंडळींनी २०१५ मध्ये काढलेला सर्व्हर, गेमची अगदी पहिली आवृत्ती, फुकट. आठ लाख नोंदणी, दीड लाख नियमित खेळणारे. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं आणि १० तारखेला सर्व्हर बंद. शेवटच्या रात्री लोक आपापली पात्रं घेऊन शहरात जमले होते, नुसते उभे. आमच्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी खरंच रडलो होतो, हसायचं तर हसा.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन लाखांवर सह्यांचा अर्ज गेला, कंपनीने त्याच टीमला आपल्या ऑफिसात बोलावून ऐकून घेतलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती पहिली आवृत्ती स्वतःच 'क्लासिक' नावाने काढली. तेव्हा 'खासगी सर्व्हर म्हणजे चोरी' एवढ्यावर मी तरी थांबत नाही. जे विकायला कंपनी तयार नव्हती, त्याला गिऱ्हाईक आहे हे या मंडळींनी दाखवून दिलं.

पण काका, स्केपगेमिंगचंही ऐका. तोही याच गेमचा खासगी सर्व्हर, फक्त तिथे देणगीच्या नावाखाली गेममधल्या वस्तू मिळायच्या. तुमच्या घोड्यासारख्याच. २०१० मध्ये अमेरिकन कोर्टाने मालकिणीला ८.८ कोटी डॉलरला धरलं. त्यात तिची कमाई म्हणून धरलेली रक्कम जेमतेम ३० लाख, उरलेली जवळजवळ सगळी कायद्याने ठरलेली भरपाई. ती कोर्टात हजरच झाली नव्हती, म्हणून निकाल एकतर्फी. आकडा वसूल झाला की नाही ते सोडा. पैसे घेणाऱ्याकडे कंपनी कशी बघते ते कळतं.

मुलाचा दुसरा मुद्दा अर्धा बरोबर. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने रॅथ पुन्हा आणली होती, मे २०२४ मध्ये तेच सर्व्हर पुढच्या आवृत्तीवर नेले. दुकान बंद केलं म्हणून मालकी जात नाही, एवढंच.

दुय्यम_प्रत:
वकिली करते, पण कागद न बघता लिहितेय हे लक्षात असू द्या.

'कोड ओपन सोर्स आहे' हे खरं, पण सर्व्हर म्हणजे नुसता कोड नाही. एम्युलेटर कुणीतरी शून्यापासून लिहिलेला असतो, त्यावर कंपनीचा हक्क सहज सांगता येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळणारा आपला स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिण्यासाठी लागणारी माहिती शोधून काढायला सूट आहे. मात्र ती सूट मूळ प्रोग्रॅम कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला. तुमच्या चिरंजीवांना विचारा, गेम आणला कुठून? टोरेंटवरून, म्हणजे फुकटात उतरवलेली चोरीची प्रत असेल तर ही सूट तिथेच संपली. त्यातून ही सूट माहिती शोधण्यापुरती आहे, दुसऱ्याची सामग्री वाटण्यासाठी नाही. आणि एम्युलेटर रिकामा चालत नाही. नकाशे गेमच्या फायलींतून उपसून घ्यावे लागतात, आणि पात्रं जे बोलतात, जी कामगिरी देतात, तो मजकूर कंपनीच्या लेखकांचा. इमारत याची असली तरी आतलं सामान दुसऱ्याचं आहे.

गेम चढवताना कंपनीच्या अटींखालचं 'मान्य आहे' हे बटण मुलाने दाबलं असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नका. अज्ञानाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल. (अज्ञान म्हणजे अठराच्या आतला, अडाणी नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.) अमेरिकेत बीनेटडी नावाच्या अशाच पर्यायी सर्व्हरच्या खटल्यात २००५ मध्ये त्या बटणावर बरंच काही ठरलं होतं. पण कॉपीराइट हा करार नाही, तो कायदा आहे, आणि तो वय विचारत नाही. मुलावर काही आलंच तर ते बाल न्याय मंडळापुढे जाईल, हा भाग वेगळा.

आता तुमची मान. कलम ६३ जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला आहे तसंच त्याला साथ देणाऱ्यालाही आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. त्याच कलमात पुढे म्हटलंय की धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं देऊन शिक्षा कमी करू शकतं. नुसत्या खेळणाऱ्यांसाठी ६३ बी आहे, तिथेही फायद्यासाठी नसेल तर कैदेऐवजी केवळ दंडावर भागू शकतं. म्हणजे घोडा विकणं ही बारीक गोष्ट नाही, सगळा तराजू तिथेच झुकतो. रविवारपर्यंत तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे आणि खातं अजून चालू आहे. खटला होईल असं मी म्हणत नाही, बहुधा होणार नाही. तरी देणगीचा जो क्यूआर कोड लावला असेल तो आज रात्री काढून टाका.

लॅगवाला:
बरं बाबा, घोडा गेला. पण मेलेले गेम जिवंत ठेवणारेही चोरच का? सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये कंपनीने बंद केला, लोकांनी तो गुपचूप जपला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने खेळाडूंच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला.

जुना_रेडर:
चोर कुणी म्हटलं? मला विचारशील तर बंद पडलेला गेम जपणं हे पुण्याचं काम. पण तिथे शेवटी परवाना आला, आणि इथे मूळ गेम अजून विकला जातोय. दोन्ही एका मापाने मोजू नकोस.

पाटावरवंटा:
मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण त्या साठ-सत्तर जणांचे ईमेल आणि पासवर्ड मुलाकडे आहेत ना? निम्म्यांनी तोच पासवर्ड दुसरीकडेही लावलेला असणार. सोळा वर्षांच्या पोराकडे एवढी जोखीम? मला कंपनीपेक्षा या लोकांचं जास्त वाटतं. पैसेही त्यांनीच दिलेत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. वकीलबाईंचा प्रतिसाद मोबाइलवर त्याला वाचायला दिला. टोरेंटच्या ओळीवर थांबला, वर बघितलं नाही. उत्तर मिळालं.

क्यूआर त्याच रात्री काढला. गेम डाउनलोड करायची लिंक लावून ठेवली होती, तीही काढली. सगळ्यांचे पैसे परत करायचं ठरलंय, भाड्यात गेलेले धरून. खात्यात २,३५० आहेत, वरचे ४,५०० मी घालतोय. तो म्हणाला, माऊस विकतो. मी म्हटलं, माऊस राहू दे, दिवाळीपर्यंत पॉकेटमनी बंद. सर्व्हर महिनाअखेर बंद होईल. भाडं तोवर भरलेलं आहे आणि लोकांना निरोप घ्यायला वेळ हवा असं त्याचं म्हणणं, ते मी मान्य केलं. वकीलबाई रागावतील, माहीत आहे. सूचना त्याने स्वतः लिहिली. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, आणि पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर बदला, ही ओळ वर घ्यायला लावली.

काठमांडूच्या एकाने पैसे सिलिगुडीच्या मावसभावाकडून पाठवले होते. परत कुणाला करायचे म्हणून चिरंजीव मला विचारत होते. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, निदान एवढं तरी मला धागा न काढता सांगता आलं.

एक राहिलं. रोज रात्रीचे ते बॅकअप त्याच्या लॅपटॉपवर आहेत, सगळ्यांच्या ईमेलसकट. पैसे परत होईपर्यंत ठेवावेत, की कुणी कधी किती दिले एवढीच यादी वेगळी काढून बाकी आजच पुसावं?

पाटावरवंटा:
यादी काढा, बाकी आजच पुसा. त्यालाच पुसू द्या, तुम्ही शेजारी बसा.