मारामारीची भीती घालवण्यासाठी लढतीचा खेळ शिकावा का?

प्रश्न – शांतताप्रिय

माझे वय ३४ आहे. प्रकृती धडधाकट आहे, आठवड्यातून चार दिवस मी धावतो, आणि तरीही समोरच्याने आवाज चढवला की माझ्या घशाला कोरड पडते, गुडघे लटपटू लागतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही. गेल्या महिन्यात गाडी उभी करण्यावरून एका अनोळखी माणसाने माझी कॉलर धरली. त्याने मारले नाही. दोन शिव्या हासडून तो निघून गेला. मात्र त्या अर्ध्या मिनिटात माझा हात वर उचलला गेला नाही की त्याचा हात झटकला गेला नाही, आणि आता रोज रात्री डोळा लागण्याआधी तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

शाळेत असताना एकदाच मारामारी केली होती आणि सगळ्या वर्गासमोर मार खाल्ला होता. त्यानंतर जिथे जिथे बाचाबाचीची शक्यता दिसली, तिथून मी आधीच काढता पाय घेत आलो. मला कुणाला बदडून काढायचे नाही. फक्त असा प्रसंग आला तर डोके ठिकाणावर राहावे, इतकेच हवे आहे. बॉक्सिंग किंवा ज्युदो शिकल्याने ही भीती खरोखर कमी होते का, की केवळ टांगलेल्या पिशवीला ठोसे मारण्याचे समाधान मिळते? एका बॉक्सिंग वर्गाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो, परंतु दोघांचे स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, सुरू होताच पोटात गोळा आला आणि मी निमित्त सांगून बाहेर पडलो.

प्रतिसाद – गादीवरची

मी अकरा वर्षे ज्युदो खेळते आहे. तुमची कॉलर धरली गेली हे वाचून मला किंचित हसू आले, कृपया रागावू नका. ज्युदोत प्रत्येक फेरीची सुरुवातच एकमेकांची कॉलर आणि बाही धरण्याने होते. वर्षभर नियमित सराव केला तर वेगवेगळ्या उंचीची, वजनाची आणि स्वभावाची माणसे शेकडो वेळा तुमची कॉलर धरतील, ओढतील, ढकलतील, आणि कधीतरी तुमच्या लक्षात येईल की आता कॉलर धरली गेल्यावर छातीत धडधडण्याऐवजी आधी पाय कुठे ठेवावा हा विचार येतो आहे.

मात्र सुरुवात तिथून होत नाही. ती पडण्यापासून होते. पहिले काही आठवडे तुम्हाला बहुधा उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणे, हेच शिकवतील: हनुवटी छातीकडे घ्यायची, म्हणजे डोक्याचा मागचा भाग गादीवर आपटत नाही, आणि शरीर टेकते त्याच क्षणी हात गादीवर सपाट आपटायचा, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. नवख्यांना हे कंटाळवाणे वाटते. माझ्या मते भीतीवरचे अर्धे औषध इथेच आहे, कारण पाडले जाण्याचे भय ज्याला उरलेले नाही, तो पाडले जाऊ नये म्हणून अंग ताठ करून उभा राहत नाही, आणि ताठ झालेल्या माणसाइतका सहज पडणारा दुसरा कुणी नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी लढतकलेतले ठोसे, लाथा आणि हमखास इजा करणारे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले आणि ते कातांपुरते, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींच्या आखीव सरावापुरते, ठेवले. वरवर पाहता हा खेळ सौम्य करण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे उलटेच घडले. घातक डाव बाजूला गेल्यामुळे उरलेले डाव पूर्ण ताकदीने, खरोखर विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करून पाहता येऊ लागले. या मोकळ्या लढतीला रांदोरी म्हणतात. तुम्ही ज्याच्या शोधात आहात ते मला इथे दिसते: समोरचा माणूस सहकार्य करत नाही, तुम्हाला पाडण्याचाच त्याचा प्रयत्न आहे, आणि तरीही फेरी संपल्यावर तुम्ही दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करता. हवेत हातवारे करून किंवा ठरवून दिलेल्या हालचाली पाठ करून ही सवय लागत नाही. म्हणून कोणताही वर्ग निवडा, पण तिथे विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव होतो की नाही, हे आधी पाहा.

प्रतिसाद – डावखुरा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु त्याला एक इशारा जोडतो, कारण मी स्वतः त्यात पोळलो आहे. बॉक्सिंग शिकू लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला माझ्यापेक्षा बराच वजनदार आणि अनुभवी मुलासमोर उभे करण्यात आले. "मार खाल्ल्याशिवाय भीती जात नाही" असे प्रशिक्षकांचे मत होते. नाकातून रक्त आले, त्याचे विशेष काही नाही; पण पुढचे दीड वर्ष मी ग्लोव्हजकडे बघितलेही नाही. भीती गेली तर नाहीच, उलट आता तिला पुरावा मिळाला होता.

दुसऱ्या ठिकाणी मी नव्याने सुरुवात केली, तेव्हा पद्धत वेगळी होती. आधी जोडीदार फक्त माझ्या खांद्याला हात लावण्याचा प्रयत्न करी आणि मी केवळ सरकायचे. मग तो एकच सरळ ठोसा, तोही हळू आणि आधी सांगून मारी, मी अडवायचा. मग तोच ठोसा न सांगता. मग दोन ठोसे. मी परत ठोसा मारण्याची वेळ आली, तोवर दोन महिने झाले होते. या काळात शिकलेल्या दोन गोष्टी कोणत्याही डावापेक्षा मोलाच्या ठरल्या. पहिली म्हणजे ठोसा येताना डोळे मिटायचे नाहीत; सुरुवातीला प्रत्येकाचे डोळे आपोआप मिटतात. दुसरी म्हणजे श्वास. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, आणि श्वास रोखून तीन मिनिटांची फेरी काढणे अशक्य असते. एका मिनिटातच दंड शिशासारखे जड होतात. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून फुसकन हवा सोडण्याची सवय लागली, तसे डोके आपोआप थाऱ्यावर राहू लागले.

सरावासाठी सहसा १६ औंसांचे जाड ग्लोव्हज वापरतात. ते आणि शिरस्त्राण असले की डोके सुरक्षित आहे, अशी नवख्यांची समजूत असते. शिरस्त्राणामुळे भुवई फुटणे, कातडी फाटणे टळते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका मात्र त्यामुळे थांबत नाही. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष मुष्टियोद्धे शिरस्त्राणाविना उतरले, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा डोक्याला जोराचा ठोसा बसल्यावर गरगरले, मळमळले, डोके दुखू लागले किंवा काही क्षणांचे आठवेनासे झाले, तर त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये पाऊल ठेवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. यात मर्दुमकीचा प्रश्न आणणाऱ्या प्रशिक्षकाला दुरूनच नमस्कार करावा.

प्रतिसाद – वाचनवेडी

मी खेळाडू नाही. मानसशास्त्र शिकवते, म्हणून त्या बाजूने थोडे लिहिते. हात वर उचलला गेला नाही याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देत आहात. धोका समोर दिसल्यावर शरीर लढते किंवा पळते एवढेच आपण ऐकलेले असते, परंतु जागच्या जागी थिजणे हीसुद्धा तितकीच जुनी, अनेक प्राण्यांत आढळणारी प्रतिक्रिया आहे. ती तुम्ही निवडलेली नव्हती. शिवाय परिणाम पाहिला तर तुम्हाला खरचटलेही नाही, हे विसरू नका.

डावखुरा यांनी वर्णन केलेली पायरी-पायरीची पद्धत उपचारांतही वापरली जाते. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली होती. तिचे मर्म असे की भीती वाटेल, पण सोसवेल, एवढ्याच पातळीवर थांबायचे, आणि ती ओसरू लागेपर्यंत तिथून पळायचे नाही. तुम्ही स्पारिंग सुरू होताच बाहेर पडलात, तेव्हा सुटकेचा जो निःश्वास टाकलात, त्यानेच भीतीला खतपाणी मिळाले. पुढच्या वेळी फक्त बाकावर बसून संपूर्ण तास पाहा, तीही एक पायरीच आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव साठतो, आणि तो ज्या ठिकाणी मिळाला त्या ठिकाणाशी बराचसा बांधलेला असतो. त्यामुळे गादीवर शांत राहणारा माणूस रस्त्यावर पुन्हा गडबडला, तर सारे व्यर्थ गेले असे समजू नये. शाळेतला तो प्रसंग स्वप्नात येत असेल किंवा झोप सतत मोडत असेल, तर वर्गाच्या जोडीने समुपदेशकांनाही भेटा.

प्रतिसाद – अर्धविराम

सर्वांनी मार खाण्याच्या भीतीबद्दल लिहिले आहे. माझी भीती नेमकी उलटी होती. मला मार देण्याची भीती वाटे. माझ्या हातून कुणाचे काही बरेवाईट होईल, आणि एकदा राग सुटला की तो मला आवरणार नाही, असे वाटे. ब्राझिलियन जिउ-जित्सू हा पकडींचा लढतखेळ शिकताना पहिले तीन महिने मी गळा आवळण्याचा डाव अर्ध्यावरच सोडून देत असे. अखेर जोडीदार वैतागून म्हणाला की तू नीट आवळत नाहीस, म्हणून मला सुटायला शिकता येत नाही. तिथे पकडीत अडकलेल्याने हाताने दोन थापा मारल्या की समोरच्याने तत्क्षणी सोडायचे, हा नियम कुणी मोडत नाही. आपण थांबू शकतो, हे मला त्या थापांनी शिकवले. शांतताप्रिय, तुमचा हात वर का गेला नाही, याचे उत्तर कदाचित याही बाजूला असेल. एकदा स्वतःला विचारून पाहा.

शांतताप्रिय

सर्वांचे आभार. अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. शाळेतल्या त्या मारामारीत पहिला ठोसा मी मारला होता, आणि त्या मुलाचा ओठ फुटलेला पाहून मीच थबकलो होतो. मार खाल्ला तो त्यानंतर. ही गोष्ट इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितली नव्हती, आणि वरचा प्रश्न लिहितानाही ती वगळली.

जवळच्या ज्युदो वर्गात नवख्यांची तुकडी पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे, तिथे नाव नोंदवले आहे. आपल्याला भीती वाटते हे प्रशिक्षकांना आधी सांगावे का? सांगितले तर वेगळी वागणूक मिळेल, असा संकोच वाटतो.

गादीवरची

अवश्य सांगा, आणि पहिल्याच दिवशी सांगा. चांगला प्रशिक्षक त्यावर भाषण देत नाही. तो फक्त तुमची जोडी एखाद्या जुन्या, शांत खेळाडूशी लावतो. तुम्ही सांगितले नाहीत, तर तुमची जोडी तुमच्याइतक्याच घाबरलेल्या दुसऱ्या नवख्याशी लागण्याची शक्यता अधिक, आणि गादीवर लागते-खुपते ते बहुतेक अशा जोड्यांतच. हाता-पायांची नखे कापून जा, अंगठी आणि घड्याळ घरी ठेवा. पहिल्या दिवशी तेवढी तयारी पुरते.