मदत हवी आहे: तोंडाच्या वासावर अँटिसेप्टिक गोळ्या चालतील का?

दोन वेळा ब्रश करूनही तोंडाला वास येतो, सकाळी जास्त. दात किडलेला नाही. घशासाठी मिळणाऱ्या चोखायच्या अँटिसेप्टिक गोळ्या रोज घ्याव्यात का? किती?

प्रतिसाद १
रोज नको. वास करणारे जिवाणू जिभेच्या मागच्या भागावरच्या पांढऱ्या थरात आणि हिरड्यांच्या फटीत, जिथे हवा पोचत नाही तिथे राहतात. प्रथिनं कुजवून ते हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू सोडतात. गोळीतलं औषध लाळेबरोबर थरावरून फिरतं आणि गिळलं जातं. आत शिरतच नाही. तेवढ्यापुरता वास दबतो. शिवाय साध्या गोळ्यांत साखर असते, दिवसभर चोखल्या तर दात किडतील.

आधी वास कुठून येतो ते शोधा. बिनवासाचा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) मागच्या दोन दाढांमधून ओढा आणि लगेच हुंगा. मग कोरड्या चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडून तोही हुंगा.

वास जिभेचा असेल तर रात्री आधी फ्लॉस, मग ब्रश, शेवटी टंग क्लीनर. मागून पुढे चार-पाच वेळा, दर वेळी धुऊन. जीभ पूर्ण बाहेर काढून श्वास सोडत ओढलं की उमासे कमी येतात. जोर लावू नका, जीभ सोलवटते.

प्रतिसाद २
वरच्यात भर. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) ०.२ टक्के माउथवॉश: १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, तेही दोन आठवडेच. ब्रशनंतर अर्धा तास थांबून घ्या. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांना लवकर, आणि चवही बिघडते. पुढे चालू ठेवायचं तर झिंक असलेलं, बिनअल्कोहोलचं घ्या. झिंक त्या गंधकालाच बांधून ठेवतं. गोळीच हवी असेल तर बिनसाखरेची, जेवणानंतर. चावायची नाही, विरघळू द्यायची.

धागाकर्ता
फ्लॉस हुंगला. घाण वास आहे आणि थोडं रक्तही आलं. आता फ्लॉस बंद करू का?

प्रतिसाद १
अजिबात नको. सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं, ती साफ झाली की बहुधा आठवड्याभरात थांबतं. पण आत किटण साचलं असेल तर ते ब्रशने निघत नाही आणि गोळीनेही नाही. डेंटिस्टकडे स्केलिंग (किटण खरवडून काढणं) करून घ्या आणि हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मोजायला सांगा. चार मिलिमीटर किंवा जास्त भरली तर मुळांपर्यंत सफाई लागेल का, ते तिथेच विचारा.