संस्थेसाठी देणग्या मागतोय, काय चुकतंय?

अभ्यासिकावाला: नमस्कार मंडळी, पुण्यात जनता वसाहतीत पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही सात-आठ जण अभ्यासिका चालवतो. ट्रस्ट रजिस्टर आहे, ८०जी पण आहे, म्हणजे देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळते. खोलीचं भाडं, दोन तायांचं मानधन, लाइटबिल धरून महिन्याला ३८ हजार लागतात. जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर 'सढळ हाताने मदत करा' असं आवाहन टाकलं, खाली माझा जीपे नंबर. चारशे जणांना गेलं, अंगठे आणि जोडलेले हात ढिगाने आले, पैसे अकरा जणांचे. आता एक मित्र म्हणतोय नाट्यसंगीताचा कार्यक्रम लावू, आणि ओळखीच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीहून ५०० डॉलर पाठवतो म्हणतोय. स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

जुना_खजिनदार: पुण्यात राहून वर 'स्पष्ट सांगा' म्हणताय, धन्य आहात 😀 पहिलं म्हणजे तुमचा जीपे नंबर काढा आणि ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर टाका, तुमच्या खात्यात आलेला पैसा ट्रस्टचा होता हे नंतर ऑडिटरला पटवताना घाम फुटतो. दुसरं, देणगी घेतानाच पॅन घ्या. आम्ही घेतले नव्हते, मग मेमध्ये १०बीडी, म्हणजे देणगीदारांची यादी इन्कम टॅक्सला कळवायचा फॉर्म, भरायला बसलो आणि साठ जणांना फोन, त्यातल्या एका आजोबांनी "पॅन कशाला हवाय, तुम्ही खरे कोण?" म्हणून फोनच आपटला. मुदत ३१ मे, नंतर दिवसाला २०० रुपये लेट फी. रोख २००० च्या वर दिली तर देणाऱ्याला ८०जी मिळत नाही, आणि नव्या टॅक्स पद्धतीत तर ती सवलतच नाही, म्हणून आवाहनात त्याचा फार गाजावाजा नको.

कोथरूडची_मावशी: न्यू जर्सीवाल्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा!! भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल, मग ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, लागतं, आणि तो पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा लागतो. 'आईच्या खात्यातून फिरवून देतो' म्हणाला तर हात जोडा.

तबलेवाला: कार्यक्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे, करा, पण तिकिटं छापायच्या आधी हॉल, साउंड आणि साथीदारांचा खर्च कोणीतरी उचललेला पाहिजे. आम्ही एकदा हाउसफुल्ल करून हिशोबाला बसलो तर हातात उरले चहा-वड्याचे पैसे, त्यात निम्म्या खुर्च्यांवर पासवाले.

जुना_खजिनदार: हो, पासवाल्यांचं बरोबर आहे. पण मला एक सांगा, त्या अकरा जणांना नंतर काय कळवलंत?

अभ्यासिकावाला: खरं सांगू? फक्त 🙏 पाठवला.

कोथरूडची_मावशी: अहो मग चारशेंच्या मागे कशाला धावताय! त्या अकरा जणांना फोन करा, मेसेज नाही, फोन. खोलीत किती मुलं बसतात, दहावीला यंदा किती आहेत ते सांगा, आणि 'सढळ हाताने' नको, नेमका आकडा सांगा. पन्नास माणसं महिन्याला ७६० रुपये, झाले की तुमचे ३८ हजार. आणि मुलांचे केविलवाणे फोटो नका टाकू, ती त्याच वस्तीत राहतात, शेजारी बघतात.

अभ्यासिकावाला: काल रात्री सात जणांना लावला. चार जण दरमहा द्यायला तयार झाले, एक येऊन बघतो म्हणाले, आणि एका काकांनी आधी जूनची पावती मागितली. आज पावतीपुस्तक छापायला टाकतोय.